मोरचूद, मासे आणि एका आकड्याची पारख

सायखेड्याच्या परिसरात द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातल्या मोरचुदातलं तांबं पावसाबरोबर वाहून गोदावरीत उतरू शकतं. पुढे नदीवरच नांदूर मध्यमेश्वर आहे, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. तिथल्या जिवांना किती तांबं सोसेल?

उत्तर प्रयोगांत शोधतात. 96 तासांत निम्मे मासे ज्या प्रमाणाला मरतात, तो आकडा नोंदवला जातो. पाणपिसवांसाठी मुदत 48 तासांची. अमेरिकेच्या 'इकोटॉक्स' या खुल्या संग्रहात अशा दहा लाखांहून अधिक नोंदी आहेत.

पण नोंद जशीच्या तशी उचलता येत नाही. जड पाण्यात तांब्याचा विषारीपणा घटतो, हलक्या पाण्यात वाढतो. म्हणून पाण्याचा जडपणा न लिहिलेला आकडा मला जवळजवळ निरुपयोगी वाटतो. शिवाय टाकीत ओतलेलं प्रमाण दिलंय की पाण्यात प्रत्यक्ष मोजलेलं? रसायन न घातलेल्या टाकीतले मासे जगले का? 1997 पासून वापरात असलेली क्लिमिश पद्धत अशा तपासणीनंतर प्रयोगांना विश्वासार्हतेच्या 4 गटांत बसवते. काम किचकट आहे, पण सुरक्षिततेचा निर्णय त्यावरच उभा राहतो.

प्रयोगांत थंड पाण्यातला ट्राउट वारंवार दिसतो. आपल्या नदीतले रोहू, कटला त्या मानाने कमी. ही उणीव मोठी आहे. अशा अनिश्चिततेला वाव ठेवावा लागतो. शेवाळ, पाणपिसू आणि मासा यांचे अल्पकालीन आकडेच हाती असतील, तर युरोपीय पद्धतीत सर्वांत कमी आकड्याला सहसा 1000 ने भागून सुरक्षित पातळी ठरवतात.