पाणी किती दिलं? ‘भरपूर’ हे उत्तर चालणार नाही



गेल्या उन्हाळ्यात आंदर मावळातल्या आपल्या एका सभासदाच्या लागणीत उभा होतो. “पाणी किती दिलं?” म्हणून विचारलं. “भरपूर दिलं साहेब, तीन रात्री मोटार चालू होती!” भरपूर म्हणजे किती, ते त्यांनाही सांगता येईना आणि खरं सांगायचं तर नुसतं बघून मलाही येईना. मग बांधावरचा दोनशे लिटरचा पिंप पाइपाखाली धरला आणि घड्याळ लावलं. वीस सेकंदांत पिंप भरला. म्हणजे सेकंदाला १० लिटर.

आता हिशेब बघा. एक एकरात १० सेंटिमीटर उंचीचे पाणी उभे करायचे तर सुमारे ४०५ घनमीटर, म्हणजे ४ लाख ५ हजार लिटर पाणी लागते. सरीतल्या उसाच्या एका पाळीला एवढे पुष्कळ झाले. त्या मोटारीला त्यासाठी सव्वाअकरा तास पुरतात. आमच्या सभासदांनी त्या एकराला तीन रात्री मिळून बावीस तास दिले होते. निम्मे पाणी मुळांच्या खाली गेले, जाताना खतही घेऊन गेले. विजेचे बिल वेगळेच.

हाच हिशेब सरकारी अधिकाऱ्यांना मुद्दाम शिकवला जातो. त्यासाठी १९८० साली तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पैठण रस्त्यावर जल व भूमी व्यवस्थापन संस्था निघाली. तिलाच सगळे ‘वाल्मी’ म्हणतात. धरण कसे बांधायचे हे इंजिनीअरांना ठाऊक होतेच. पण धरणातले पाणी पिकाच्या मुळाशी किती, कधी आणि कोणाच्या पाळीने पोचवायचे, हे शास्त्र निराळे. तिथे पाटबंधारे खात्याचे इंजिनीअर आणि शेतकी खात्याची माणसे एकाच वर्गात बसतात. एकाला पीक कळत नाही आणि दुसऱ्याला कालवा कळत नाही, म्हणून ही सोय! पाणीवापर संस्थांच्या शेतकऱ्यांनाही तिथे शिक्षण मिळते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. आपल्या खोऱ्याकडेच पाहा. आंद्रा नदीवर वरच्या अंगाला टाटांचे ठोकरवाडी धरण आहे. १९२२ पासून ते पाणी घाट उतरून भिवपुरीला वीज करते आणि उल्हास खोऱ्यात जाते. ते माघारी येत नाही. खाली सरकारचे आंद्रा धरण. त्याचे पाणी नदीने इंद्रायणीत येते आणि निघोजेजवळ पिंपरी-चिंचवड महापालिका ते उचलते. तिच्यासाठी आंद्रातून मंजूर झालेले पाणी दररोज १० कोटी लिटर. आपल्या भाषेत सांगायचे तर रोज सुमारे २४७ एकर उसाची एक पाळी!

शहराला पाणी मिळू नये असे माझे म्हणणे नाही. आपलीच पोरे तिथे नोकरीला आहेत. पण शहराची मागणी लिटरात आहे आणि कागदावर आहे. आपली मागणी काय, तर “साहेब, पाणी सोडा, ऊस वाळतोय.” वाल्मीत शिकून आलेला अधिकारी कितीही चांगला असला तरी त्याच्या वहीत ‘भरपूर’ हा आकडा बसत नाही. टंचाईच्या वर्षी वाटणी होते ती लेखी आकड्यांची.

कायद्यानेही वाट करून दिली आहे. २००५ साली महाराष्ट्रात शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. त्याप्रमाणे पाणीवापर संस्थेला घनमापाने, म्हणजे मोजून पाणी मिळते. त्यात कोणते पीक घ्यायचे ते शेतकऱ्याने ठरवायचे, सभासदांची पाळी आणि पट्टी संस्थेने बघायची. नदीवरून मोटारीने उचलणाऱ्यांच्या उपसा संस्थांचीही त्यात तरतूद आहे, आणि आपल्याकडे बहुतेक उसाचे पाणी तसेच आहे. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझरच्या शेतकऱ्यांनी कायद्याच्या किती तरी आधी, १९९० च्या सुमारास, अशा संस्था काढल्या. त्यांची जमीन कालव्याच्या शेपटाला. वरून पाणी पोचायचेच नाही! मोजून घ्यायचे ठरल्यावर वरच्यांनाही मोजावे लागले. पुढे सगळ्या लाभक्षेत्रात संस्था झाल्या.

संस्था एका दिवसात होत नाही, भाऊबंदकी आडवी येते. मोजायला मात्र उद्यापासून हरकत नाही. मोटारीला पिंप पुरे. पाटाच्या पाण्याला काटकोनाची खाच पाडलेला पत्रा आडवा लावा आणि खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजा. मोजायचे ते पत्र्यापासून थोडे मागे, संथ पाण्यात. १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर, २० असेल तर पंचवीस लिटर. उंची दुप्पट, पण पाणी साडेपाच पट! नजरेने फसगत होते ती इथेच.

पाणी दिल्याची तारीख, तास आणि पिंप भरायला लागलेले सेकंद एवढे तीन आकडे एका वहीत लिहीत चला. पाणी मागणीचा नमुना नंबर ७ चा अर्ज हंगामाआधीच द्या, पोच घ्या आणि ती वहीतच ठेवा. पत्र्याची खाच ज्यांना करून हवी असेल त्यांनी पाटाची रुंदी मोजून गट ऑफिसात चिटबॉयकडे नाव द्यावे. लावायला मी स्वतः येईन.

– ऊस विकास अधिकारी