वॅट कमी, ट्रान्सफॉर्मर भारी

बार्शीत काय किंवा दुसऱ्या कुठल्या गावात काय, घरी अँप्लिफायर जुळवायला निघालेल्या पोराला पहिला सल्ला ठरलेला: ४४४० चं बोर्ड आण. सान्यो या जपानी कंपनीचा एलए ४४४० हा चौदा पायांचा आयसी मुळात मोटारीतल्या टेपसाठी बनवलेला. १३ व्होल्टवर तो दोन स्पीकरना सहा-सहा वॅट देतो, ब्रिज जोडणीत एकोणीस. सान्योचा चिपचा धंदा २०११ मध्येच ऑन सेमीकंडक्टरकडे गेला. तरीही ‘सान्यो’ची छाप मारलेले नवेकोरे आयसी बाजारात मिळतात, तेव्हा हातातला माल नक्कल आहे असं धरूनच चालावं. नकलेवरही गाणं वाजतं, फक्त तिला ताणू नये.

ताण येतो ट्रान्सफॉर्मरकडून. १२-०-१२ घेतला की बारा व्होल्ट मिळाले, असा अनेकांचा समज. प्रत्यक्षात डायोडमधून पुढे गेल्यावर कंडेन्सरवर बाराच्या १.४१ पट, म्हणजे डायोडची घट वजा जाता सोळाच्या वर भरतात. रात्री लाइन २५० ला गेली की आकडा अठराला टेकतो, आणि चालू असताना अठरा ही या आयसीची कमाल मर्यादा! चार पैसे वाचवायला लावलेला सोळा व्होल्टचा कंडेन्सर तर अशा वेळी फुगतो, प्रसंगी फुटतोही. ९-०-९ घ्यावा, बारा व्होल्ट बरोबर मिळतात. कंडेन्सर ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा. हजारावर भागवलं की गाण्यामागे घुंऽऽ आवाज येत राहतो.

ट्रान्सफॉर्मर हातात तोलून घ्यावा. त्यावर दोन अँपिअर छापलंय आणि वजन मात्र खेळण्यातल्या गाडीएवढं, असं असेल तर तो परत ठेवावा. स्वस्त मालात तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तारही निघते.

काटकसर कुठे करायची हे बार्शीने फार पूर्वी पाहिलंय. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉपने बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. तिच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही अशी त्याने रचना केली, आणि म्हणून मीटरला पंधरा किलोचे हलके रूळ पुरले. आधी भार आवरला, मग रुळांचा खर्च कमी केला.

अँप्लिफायरमध्ये भार म्हणजे वॅट. खोक्यावरच्या हजारो ‘पीएमपीओ’ वॅटना काही अर्थ नाही. सहाचे बारा वॅट केले तरी आवाज वाढतो जेमतेम तीन डेसिबल. उलट ८६ ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर लावला, तर त्याच सहा वॅटमध्ये चार डेसिबल जास्त. म्हणून पैसे स्पीकरवर घालावेत. हीटसिंक भंगारातल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून निघतो, डबा प्लायवूडचा चालतो, रेझिस्टर तर चिल्लरीत येतात. व्हॉल्यूमचा कंट्रोल मात्र ‘ए’ अक्षराचा मागावा. ‘बी’चा लावला तर पाव फेऱ्यातच सगळा आवाज येऊन जातो.

जोडणी झाली की थेट प्लगमध्ये घालण्याची घाई करू नये. मेकॅनिकच्या टेबलावर असतो तसा सिरीज बोर्ड करून, साठ वॅटच्या बल्बमधून पहिल्यांदा वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करावं. बल्ब जुना, तारेचाच हवा. एलईडीवर ही तपासणी होत नाही.