बातमीदाराची बाजू

यादवी युद्धावरील चित्रपटांचा नायक बहुधा सैनिक तरी असतो, नाहीतर पुढारी. रोलंड जॉफे यांच्या ‘द किलिंग फील्ड्स’ (१९८४) या चित्रपटाचा नायक आहे बातमीदार. आणि खरे म्हणजे बातमीदारही नव्हे, तर त्याचा स्थानिक सहकारी आणि दुभाषा.

‘न्यूयॉर्क टाइम्स’चे सिडनी शॅनबर्ग आणि कंबोडियाचे दिथ प्रान यांची ही सत्यकथा. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या फौजा राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरल्या. शॅनबर्ग व त्यांचे विदेशी सहकारी पकडले गेले. प्रान यांनी सैनिकांच्या विनवण्या करून त्यांचे प्राण वाचविले. पुढे सर्वांनी फ्रेंच वकिलातीचा आसरा घेतला. पण कंबोडियन माणसांना तेथून बाहेर पडावेच लागले. प्रानसाठी बनावट पासपोर्ट करण्याची धडपड आणि त्यावरचे छायाचित्र डोळ्यांदेखत विरून जाणे, हा प्रसंग मला सबंध चित्रपटातील गोळीबारापेक्षा भयंकर वाटला.

प्रान शिक्षण लपवून चार वर्षे शेतांत राबले आणि ऑक्टोबर १९७९ मध्ये थायलंडला पोचले. मधल्या काळात १९७६ चे पुलित्झर पारितोषिक शॅनबर्ग यांना मिळाले. चित्रपटात एक छायाचित्रकार त्यांना तोंडावर विचारतो की, प्रानला मागे ठेवलेस ते या पारितोषिकासाठीच ना? शॅनबर्गना उत्तर सुचत नाही. प्रानची भूमिका करणारे हाइंग न्गोर हे नट नव्हतेच. त्याच राजवटीतून वाचलेले ते डॉक्टर होते. त्यांना ऑस्कर मिळाले. (शेवटच्या भेटीवर जॉन लेननचे गाणे घातले आहे, ते मात्र मला नको होते. तेथे शांतता पुरेशी होती.)

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला अगदीच परका नाही. स्पेनच्या यादवीत (१९३६-३९) बातमीदारी केलेला एक अमेरिकन पत्रकार, लुई फिशर, जून १९४२ मध्ये आठवडाभर सेवाग्रामला राहून गेला. वर्ध्याच्या उन्हाळ्याने तो इतका हैराण झाला की पाण्याने भरलेल्या टबात खोके ठेवून त्यावर बसायचा आणि बाहेर दुसऱ्या खोक्यावर टंकलेखनयंत्र ठेवून गांधीजींशी झालेले संभाषण उतरवून काढायचा! आपल्याकडचा जून ज्यांनी सोसला आहे, त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

स्पेनमध्ये फिशर नुसता पाहत बसला नव्हता. प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुकड्यांत तो दाखल झाला आणि अल्बासेते येथे त्यांच्या अन्नवस्त्राची व्यवस्था त्याने पाहिली. बातमीदाराने असे करावे का? मला ते गैर वाटत नाही. पण याच फिशरने त्याआधी, १९३३ च्या सुमारास, सोव्हिएत राजवटीवरील श्रद्धेपोटी युक्रेनमधील भीषण दुष्काळ नाकारला होता. लाखो माणसे मेली आणि ज्याच्या हाती लेखणी होती तो ‘दुष्काळ नाही’ असे सांगत राहिला. बाजू घेण्याचा धोका येथे आहे: स्पेनमध्ये ज्या श्रद्धेने त्याला माणसांच्या जवळ नेले, तिनेच रशियात त्याला माणसे दिसू दिली नाहीत. पुढे १९४९ मध्ये ‘द गॉड दॅट फेल्ड’ या संग्रहात त्याने आपल्या भ्रमनिरासाची कथा लिहिली.

सेवाग्रामला तो आला तो या दोन अनुभवांच्या नंतर. येथे त्याने गांधीजींना सोपे प्रश्न विचारले नाहीत. इंग्रज गेले तर जपानला वाट मोकळी होणार नाही का, हे त्याने पुन्हा पुन्हा विचारले. तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या फौजांनी भारतात राहून युद्ध चालवायला आपली हरकत नाही, असे गांधीजींनी त्याला सांगितले. १ जुलैला त्यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेले पत्र फिशरच्याच मार्फत गेले. बातमीदार पुन्हा एकदा निरोप्या झाला होता.