संजूचा प्लॉट

पहाटे 3:50
माळशिरस तालुका, गारवाडच्या बाजूचा माळ. फेब्रुवारी. छोटा हत्ती येऊन थांबतो. मागून अकरा बायका आणि दोन पोरं उतरतात. बायकांच्या अंगात साडीवरून नवऱ्याचे जुने फुल शर्ट, डोक्याला टॉवेल, टॉवेलवर पट्ट्याची बॅटरी. टेम्पोचे माणशी वीस रुपये मुकादम संध्याकाळी कापून घेणार.

मी बडोद्याचा, मांडवीजवळ वाढलेला. दारूबंदीच्या राज्यातून माणूस वाईनची द्राक्षं बघायला आलाय, याचं मुकादमाला भारी कौतुक. "तिकडं मिळत नाय म्हणून इथवर?" एवढं विचारून तो कॅरेट मोजायला लागतो.

4:10
टोळीतल्या एक मावशी, पन्नाशीच्या. कात्री स्वतःची, दोरीनं मनगटाला बांधलेली. अंधारात पडली तर सापडत नाही. धार लावायला अकलूजच्या बाजारात दहा रुपये. उजव्या अंगठ्याला चिंधी. हातमोजे मिळतात, पण रसानं चिकट होतात आणि मग कात्री नीट चालत नाही म्हणे.

द्राक्ष इटलीचं, सांजोव्हेजे. टस्कनीतल्या कियांती वाईनचा जीव हाच. मुकादमानं नाव सोपं करून टाकलंय. प्लॉट संजूचा.

4:30
काम दिसतं तेवढं सोपं नाही. डावा तळहात घडाखाली. बॅटरीच्या उजेडात घड एकदा फिरवायचा. सुकलेले, सडके मणी कात्रीच्या टोकानं झाडायचे. मग देठ कापायचा. घड कॅरेटमध्ये ठेवायचा, टाकायचा नाही. कॅरेट काठोकाठ भरायचं नाही, वरच्या कॅरेटनं खालचे मणी फुटतात. मणी बारका, बियांचा, काळा-जांभळा. खायच्या थॉमसनशी याची काही तुलना नाही. मी एक तोंडात टाकला. आधी साखर, मागून आंबट, शेवटी जिभेला तुरटपणा.

तोडणी रात्रीची का, तर माल गार हवा. ऊन लागलेला घड कॅरेटमध्येच आंबायला लागतो आणि वास उडतो. इटलीत हीच तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, नंतर थंडीत वेल झोपतो. आपल्याकडं वेलाला झोप नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरला की फळछाटणी, आणि माल ऐन शिवरात्रीच्या तोंडावर.

5:40
ओळ संपली. मावशी पाठ सरळ करतात, दुसऱ्या ओळीला लागतात. घड गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. म्हणजे ना बसता येतं ना उभं राहता येतं. अर्धवट वाकून सहा तास. कॅरेट उचलायला पोरं आहेत. एकात सोळा-सतरा किलो, खांद्यावरून उताराच्या माथ्यापर्यंत. तिथं ट्रॅक्टर. उतारावर मुरूम आणि दगड, पोरांच्या पायात स्लीपर.

6:45
उजाडलं. खाली कालव्याच्या अंगाला ऊसच ऊस. वर हा माळ, उसाला नालायक. या तालुक्यात इटालियन वेल आले ते 2007 च्या सुमारास. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू एकत्र आले. कंपनीचं नावही तेच ठेवलं, 'फ्रातेल्ली', म्हणजे भाऊ-भाऊ. टस्कनीहून पिएरो मासी वाईन करायला आले. कियांतीची शीव तिथल्या ड्यूकनं 1716 मध्ये आखून दिली होती. इथल्या माळाची शीव कोण आखतो! आषाढात माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत जाते, तीच या भागाची ओळख.

7:30
भाकरी. ठेचा, कांदा, कुणाकडं शेंगाची चटणी. मावशींच्या गळ्यात तुळशीची माळ.

"माळकरी?"

"बारा वर्सं झाली. रस बोटाला लागतो, त्याला काय इलाज. घरी गेल्यावर चिंचंनं हात घासते." मग मला, "तुमच्याकडं हाय का इठोबा?"

"मांडवीत देऊळ आहे. कार्तिकी एकादशीला वरघोडा निघतो."

"वरघोडा म्हंजे?"

"मिरवणूक. बँडबाजासकट."

"मग बरं हाय," म्हणाल्या आणि मिसरीची डबी काढली.

8:50
साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटरवाला पोरगा फिरतोय. काचेवर दोन थेंब, डोळ्याला नळी, "साडेतेवीस." खायच्या द्राक्षाला सतरा-अठरा पुरे. गांधीलमाश्या उठल्या. आता हात सावकाश.

10:15
तोडणी बंद. मुकादमाच्या वहीत मावशींच्या नावापुढं बावीस रेघा. बावीस कॅरेट, साधारण साडेतीनशे किलो. एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्ष लागतं. मी कागदावर भागाकार मांडला. दोनशे ऐंशी.

"काय लिवताय?"

"बाटल्या मोजतोय."

"माझ्या?"

"तुमच्या."

फार हसल्या. सगळ्या टोळीला ओरडून सांगितलं.

11:00
वायनरी. हा भाग मी भरभर बघितला, खरं तर यंत्रांचा आवाज सोसला नाही. कॅरेट पट्ट्यावर उलटतात, देठ एका बाजूला, मणी पंपानं टाकीत. लाल वाईनचा रंग सालीत असतो, म्हणून साल रसातच ठेवतात. आंबताना साली वर येऊन टोपी धरतात. खालचा रस पंपानं वर आणून ती भिजवत राहायचं. एक पोरगा दिवसभर पाइप धरून तेवढंच करतो. टाकी रिकामी झाली की चोथा फावड्यानं उपसायचा. आधी पंखा लावून आतला वायू काढतात, आणि एकट्यानं कुणी उतरत नाही. माणूस खाली बसला तर उठत नाही.

1:30
मावशी घरी. अंगणात चिंच आणि मीठ. बोटं घासली तरी नखांच्या कडा जांभळ्या. होळीपर्यंत राहतात म्हणे. मग दोन शेळ्या, पाण्याचे चार हंडे, तासभर डोळा.

5:30
मुकादम गाडीवरून. रोज साडेतीनशे, टेम्पोचे वीस वजा. तीनशे तीस मावशी दोनदा मोजतात. पन्नास गटाच्या हप्त्याला बाजूला. बाकीचे ब्लाऊजात.

6:15
अकलूजला एसटीची वाट. मळ्याच्या मालकानं एक बाटली पुढं केली होती. म्हटलं, बडोद्याच्या गाडीत ही घेऊन बसता येत नाही. पिशवीत मावशींनी दिलेली खायची द्राक्षं, अर्धा किलो, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "इठोबाला ठेवा आधी." फोन वाजतो. मुकादम. उद्या टेम्पो साडेतीनला, ऊन वाढलंय.