अंतर राखणारी मोटार : सोय किती, सुरक्षितता किती?

मोटार खरेदी करताना पूर्वी ग्राहक किंमत, इंधनाचा खर्च आणि फेरविक्रीचे मूल्य या तीन बाबी पाहत असत. आता त्यात चालकाला साहाय्य करणाऱ्या ‘ॲडास’ प्रणालीची भर पडली आहे. २०२० मध्ये एमजी ग्लॉस्टर आणि २०२१ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही ७०० या गाड्यांबरोबर ही प्रणाली भारतीय बाजारपेठेत परिचित झाली. तिच्यातील सर्वांत आकर्षक भाग म्हणजे अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, अर्थात पुढील वाहनाशी आपोआप अंतर राखणारे वेगनियंत्रण.

या सोयीसाठी बहुधा गाडीची वरची श्रेणी घ्यावी लागते. समजा, त्यासाठी १ लाख रुपयांचे अधिक कर्ज ९ टक्के व्याजाने ७ वर्षांकरिता घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १,६०९ रुपयांनी वाढतो आणि त्या लाखाची परतफेड १ लाख ३५ हजारांच्या घरात जाते. एवढी रक्कम मोजून आपल्या पदरात नेमके काय पडते, हे आधीच जाणून घेणे हिताचे ठरते.

प्रणालीचे कार्य

साध्या क्रूझ कंट्रोलचा शोध राल्फ टीटर या अंध अमेरिकी अभियंत्याने लावला. त्याला १९५० मध्ये पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने ते आपल्या गाडीत बसविले. हे यंत्र ठरवून दिलेला वेग कायम ठेवी. समोर काय आहे, याची त्याला जाणीव नसे. १९९९ मध्ये मर्सिडीज-बेंझने त्याला रडारची जोड दिली. गाडीच्या पुढील भागातील रडार रेडिओ लहरी सोडते आणि परावर्तित लहरींवरून पुढील वाहनाचे अंतर व वेग मोजते. अनेक गाड्यांत काचेमागील कॅमेराही मदतीला असतो. पुढचे वाहन मंदावले की गाडी मंदावते आणि रस्ता मोकळा होताच ती पूर्ववत वेग घेते.

मर्यादा कोठे आहेत?

पहिली मर्यादा थांबलेल्या वाहनांची. रस्त्याकडेचे फलक, दुभाजक, पूल अशा असंख्य स्थिर वस्तूंवरूनही लहरी परत येतात. त्या प्रत्येकीसाठी ब्रेक लागू लागला, तर गाडी चालविणेच अशक्य होईल. म्हणून अनेक प्रणाली स्थिर वस्तूंच्या संकेतांना कमी महत्त्व देतात. नव्या गाड्यांत कॅमेऱ्यामुळे सुधारणा झाली आहे. तथापि उभे वाहन ओळखले जाईलच असे नाही, असा इशारा उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत आजही आढळतो.

दुसरी मर्यादा ब्रेकच्या जोराची. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर चालकाने पूर्ण जोराने ब्रेक दाबल्यास, ब्रेक लागल्यापासून ती साधारण ५५ मीटरमध्ये थांबते. अंतरनियंत्रण मात्र प्रवाशांना धक्का बसू नये म्हणून बेताने ब्रेक लावते. त्याच्या नेहमीच्या मर्यादेत हेच अंतर सुमारे ११० मीटर होते. आणीबाणीत आपोआप जोराचा ब्रेक लावणारी प्रणाली वेगळी असते. या दोहोंत गल्लत होऊ नये.

याशिवाय तीव्र वळणावर पुढचे वाहन रडारच्या टप्प्याबाहेर जाऊ शकते. मुसळधार पाऊस, धुके अथवा रडारवर साचलेला चिखल यांमुळेही प्रणाली अकस्मात बंद पडू शकते.

बेंगळुरूचे रस्ते

मोटारतंत्रज्ञानाची अनेक संशोधन केंद्रे बेंगळुरूत आहेत. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ ही त्यांतील ठळक नावे. परंतु याच शहरातील रस्ते या तंत्रज्ञानाची कठोर परीक्षा घेतात. सिल्क बोर्ड चौकात किंवा बाह्यवळण रस्त्यावर गाडीने पुढे सुरक्षित अंतर सोडले की त्यात क्षणार्धात दुचाकी अथवा रिक्षा शिरते. गाडी पुन्हा मंदावते आणि मागून येणारा चालक बेसावध राहतो. अशा वर्दळीत ही प्रणाली बंद ठेवणेच श्रेयस्कर.

१२ मार्च २०२३ रोजी उद्घाटन झालेला ११८ किलोमीटरचा बेंगळुरू–म्हैसूर महामार्ग तिला अधिक अनुकूल आहे. तेथील अपघातांची वाढती संख्या लक्षात घेऊन १ ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गिकांवर दुचाकी, रिक्षा व ट्रॅक्टर यांना मनाई करण्यात आली. मात्र सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचे लक्ष उडते, हा धोका उरतोच. आपल्या समृद्धी महामार्गावरही त्याची बरीच चर्चा झाली आहे.

बेंगळुरूतील मराठी कुटुंबे सणासुदीला तुमकुरू, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर या मार्गाने गावी जातात. गळीत हंगामात बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री कित्येकदा मागील दिव्यांविना चालतात, कधी रस्त्यातच उभ्या असतात. वर वर्णिलेल्या दोन्ही मर्यादा तेथे एकत्र येतात. याच मार्गावर नेलमंगलाजवळ २१ डिसेंबर २०२४ रोजी दुभाजक ओलांडून आलेला कंटेनर मोटारीवर उलटला आणि एकाच कुटुंबातील सहा जण दगावले. ती मोटार सुरक्षिततेसाठी जगभर नावाजलेल्या कंपनीची होती. काही संकटांपुढे कोणतेही यंत्र अपुरे पडते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

जबाबदारी कोणाची?

आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या या प्रणाली चालकाला केवळ साहाय्य करतात. त्याची जागा घेत नाहीत. ‘यंत्र चालू होते’ ही सबब मोटार वाहन कायद्यापुढे टिकत नाही. विम्याकडेही लक्ष हवे. पुढील काच बदलल्यास किंवा बंपर दुरुस्त केल्यास कॅमेरा व रडार यांची पुन्हा जुळणी करावी लागते. तो खर्च पॉलिसीत समाविष्ट आहे काय, हे नूतनीकरणापूर्वी विचारून घ्यावे. बंपरवर शोभेची जोडसाधने लावून रडार झाकू नये.

गाडी ताब्यात घेताना माहितीपुस्तिकेतील या प्रणालीविषयीचे प्रकरण वाचावे आणि विक्रेत्याकडून प्रात्यक्षिक मागावे. मोकळ्या महामार्गावर, दिवसा व कोरड्या हवेत सर्वाधिक अंतराची निवड करून तिचा वापर करावा. ब्रेकजवळचा पाय आणि रस्त्यावरची नजर मात्र कोणत्याही वेगात हलू देऊ नये. वाढीव हप्ता भरून प्रवासातील शीण कमी करता येतो. सावधपणा मात्र चालकालाच बाळगावा लागतो.