नकलकारांच्या चुका

दोन विद्यार्थ्यांची उत्तरे बरोबर असली आणि सारखी असली, तर आपल्याला शंका येत नाही. पण दोघांनी एकाच जागी तीच चमत्कारिक चूक केली, की आपण लगेच विचारतो, "कोणी कोणाचे पाहून लिहिले?" जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासकही हाच प्रश्न विचारतात.

बायबलमधील 'नव्या करारा'ची ५००० हून अधिक ग्रीक हस्तलिखिते ज्ञात आहेत. त्यांत लहान तुकडेही आले. मूळ लेखकांच्या हातची प्रत मात्र एकही उरलेली नाही. आहेत त्या नकलांच्या नकला.

चौथ्या शतकातील 'कोडेक्स सिनायटिकस' ही चर्मपत्रावरील पोथी घेऊ. तिच्या बहुतेक पानांवर चार स्तंभ, प्रत्येक स्तंभात ४८ ओळी, आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. (फळ्यावर एक परिच्छेद असा लिहून मुलांना उतरवायला सांगून पाहावे.) त्या काळापर्यंत ग्रीकमधील काही स्वरांचे उच्चार एक होऊन गेले होते. त्यामुळे आपल्याकडच्या ऱ्हस्व-दीर्घासारखे घोटाळे या पोथीत पुष्कळ आढळतात. ते बहुधा निरुपद्रवी असतात.

खरी पंचाईत होते ती नजर घसरल्याने. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात येशू शिष्यांसाठी प्रार्थना करतो. त्यांना जगातून काढून घ्यावे असे तो मागत नाही, तर दुष्टापासून त्यांना राखावे असे मागतो. ग्रीकमध्ये 'जगातून' आणि 'दुष्टापासून' या दोन्हींच्या आरंभी 'एक् तू' हे तेच दोन शब्द येतात. चौथ्या शतकातील 'कोडेक्स व्हॅटिकानस'च्या नकलकाराची नजर पहिल्या 'एक् तू'वरून थेट दुसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर गळला. आता येशू म्हणतो, दुष्टापासून त्यांना काढून घ्यावे असे मी मागत नाही!

विद्वानांनाही नकलकार व्हावे लागले आहे. १८५९ साली टिशेनडॉर्फ या जर्मन पंडिताने सिनायटिकसची प्रत कैरोत हाताने उतरवून घेतली. मदतीला दोन देशबांधव होते, एक डॉक्टर आणि एक औषधविक्रेता. ओळी सुमारे १,१०,००० होत्या. ही पोथी सिनाईच्या मठातून बाहेर कशी गेली यावर आजही वाद आहे. तिची पाने चार ठिकाणी विखुरलेली आहेत. २००९ पासून ती संगणकावर एकत्र पाहता येतात.

पाठ ठरवताना मतमोजणी का चालत नाही, ते आता ध्यानात येईल. एका सदोष प्रतीवरून शंभर प्रती उतरल्या, तरी साक्षीदार एकच. म्हणून समान चुकांवरून प्रतींची वंशावळ मांडतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात तयार झाली, तेव्हाही प्रती अशाच ताडून पाहिल्या गेल्या. तिथे अडचण अधिक होती. नकलकार दोन-तीन पोथ्या समोर ठेवून त्यांची सरमिसळ करीत, आणि मग कोणती कोणाची नक्कल हे साध्या वंशावळीत बसवता येत नाही, असे संपादक वि. सी. सुखटणकरांना दिसून आले.