मुळशीत डॉन रेडवूड जगेल का? घरच्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न करताना

गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. पौडच्या पुढे त्यांनी थोडी जागा घेतली आहे. घर बांधून झालंय, आता झाडं लावायची आहेत.

"अगं, तू झाडांवरच पीएचडी करतेस ना? मग सांग, हे डॉन रेडवूड आपल्याकडे लावावं का? व्हिडिओत बघितलं. सरळसोट, देखणं झाड. आणि त्याला पाणी आवडतं म्हणे. मुळशीत काय पावसाला तोटा आहे?"

मी पटकन "हो" म्हणणार होते, पण थांबले. तीन वर्षांपूर्वी याच भागात दुसऱ्या एका नातेवाइकांना मी असाच सल्ला दिला होता. पाऊस भरपूर, म्हणजे झाडं जगतील, एवढाच हिशेब केला होता. जुलैत चाळीस रोपं लावली. पुढच्या मे अखेर अकरा उरली. त्यातलं वाईट म्हणजे कुठलं रोप कधी मेलं हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं, मीही नाही. त्यामुळे ती पाणी साचून कुजली, उन्हाने वाळली की गुरांनी खाल्ली, हे आज सांगता येत नाही. पैसे आणि मेहनत गेलीच, वर शिकायलाही काही मिळालं नाही.

म्हणून आजची पोस्ट. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय, संशोधन आराखडा लिहिताय. मामांचा प्रश्न आपण आराखड्यासारखा सोडवून बघू.

आधी झाडाची ओळख

इथला 'डॉन' म्हणजे पहाट, दाऊदवाला नव्हे (मामांनी हे विचारलं होतं). शास्त्रीय नाव मेटासिक्वॉया ग्लिप्टोस्ट्रोबॉइडीस. १९४१ साली जपानच्या शिगेरू मिकी यांनी जीवाश्मांवरून ही प्रजाती-गटाची नोंद केली. म्हणजे झाड 'नामशेष' म्हणूनच शास्त्राला माहीत झालं. त्याच दशकात मध्य चीनमधल्या एका खोऱ्यात ते जिवंत सापडलं आणि १९४८ मध्ये हू आणि चेंग या शास्त्रज्ञांनी त्याचं नामकरण केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आर्नल्ड आर्बोरेटमने त्याचं बी जगभरच्या उद्यानांना वाटलं. आज युरोप-अमेरिकेत ते घराभोवती, रस्त्याकडेला सर्रास दिसतं; मूळ जागी मात्र ते धोक्यात आहे.

सूचिपर्णी असूनही हे झाड पानगळी आहे. शरद ऋतूत पानं तांबूस होतात आणि बारीक फांद्यांसकट गळतात. मानवलं तर झपाट्याने वाढतं आणि तीस मीटरच्या वर जातं.

पहिली चूक: वार्षिक सरासरी

या झाडाच्या मूळ प्रदेशात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या ताम्हिणीत पाच-सहा हजारांच्या पुढे. साठेक किलोमीटर पूर्वेला पुणे शहरात जेमतेम सातशे. पौड या दोन टोकांच्या मधे. म्हणजे 'मुळशीचा पाऊस' असा एक आकडा नाहीच; प्लॉट कुठल्या गावात आहे हे आधी विचारावं लागतं.

पण खरी मेख पुढे आहे. आपल्याकडे जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या एखाद-दोन सरी सोडल्या तर मेपर्यंत कोरडं. वर मुरूम आणि खाली कातळ असेल तर पाणी मुरून राहत नाही, उताराने धरणाकडे निघून जातं. मूळ प्रदेशात पाऊस जास्त महिन्यांत वाटलेला असतो. झाड वार्षिक सरासरी पीत नाही, त्या-त्या महिन्यात मुळाशी असेल तेवढंच पाणी पितं. मी चाळीस रोपांच्या वेळी नेमकी इथेच चुकले होते.

दुसरी चूक: सापडतं तिथेच वाढतं असं मानणं

मग मूळ प्रदेशाचं हवामान आणि मुळशीचं हवामान शेजारी ठेवून जुळत नाही म्हणायचं, की झालं? एवढं सोपं नाही. १९४८ मध्ये कुणी फक्त त्या एका खोऱ्याचं हवामान बघितलं असतं, तर हे झाड इतक्या वेगवेगळ्या देशांत वाढेल असं म्हटलं नसतं. जीवाश्म सांगतात की एके काळी ते उत्तर गोलार्धात दूरदूर पसरलेलं होतं. आज सापडतं ती जागा म्हणजे त्याची उरलेली जागा, त्याची मर्यादा नव्हे. परिसंस्थाशास्त्रात याला प्रत्यक्ष कोनाडा आणि संभाव्य कोनाडा यांतला फरक म्हणतात. मुलाखतीत हमखास विचारतात, हे उदाहरण लक्षात ठेवा.

म्हणून पुरावा दोन्हीकडून घ्यायचा: मूळ जागेचा आणि जिथे लावून जगलंय त्या जागांचा. आता बघा, ते जिथे चांगलं वाढलंय त्यातल्या बहुतेक ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे: खरा हिवाळा. समशीतोष्ण भागातल्या बऱ्याच पानगळी झाडांना कळ्या नीट फुटायला थंडीचा काळ लागतो. मुळशी साडेअठरा अक्षांशावर आहे, मूळ प्रदेश तिशीच्या आसपास. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी ऊन असतं. मुळशी या दोन्ही पुराव्यांच्या बाहेर पडते. "जगणार नाही" असं यावरून सिद्ध होत नाही. "जगेल असं मानायला आधार नाही" एवढंच म्हणता येतं. ही दोन वाक्यं वेगळी आहेत आणि आराखडा तपासणारे नेमकं इथेच बोट ठेवतात.

तिसरी चूक: 'जगणं' म्हणजे काय हे न ठरवणं

रोप एक पावसाळा तगणं, तीन उन्हाळे बिनपाण्याचे काढणं आणि स्वतःच्या बियांतून नवी रोपं येणं, या तीन वेगळ्या कसोट्या आहेत. तुमचा प्रश्न यातल्या कशाबद्दल आहे हे पहिल्या परिच्छेदात लिहा. मामांसाठी दुसरी कसोटी खरी, कारण एप्रिल-मेमध्ये हंडे मामी वाहणार आहेत. आणि एकच झाड जगलं तर? तो एक नमुना झाला, निष्कर्ष नव्हे.

मग मामांना काय सांगितलं?

पहिलं, परदेशातून ऑनलाइन बी मागवू नका. रोपं-बियाणं आयात करायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. इथल्याच रोपवाटिकेत मिळालं, तर हौस म्हणून दोनच रोपं लावा. एक सावलीच्या बाजूला, एक ओलाव्याच्या जागी, घरापासून आणि ड्रेनेजपासून लांब. थंडीत पानं गळली की उपटू नका. नखाने साल जरा खरवडा. आत हिरवं असेल तर झाड झोपलंय, तपकिरी आणि कोरडं असेल तर गेलं.

दुसरं, बाकीच्या जागेत इथलीच झाडं. जांभूळ, हिरडा, बेहडा, आंबा आणि ओढ्याकडे सावलीत सीता-अशोक. इथे काय टिकतं याचा शेकडो वर्षांचा प्रयोग गावागावांच्या देवरायांत आधीच झालाय. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर केलेलं काम जरूर वाचा.

तिसरं, काळजी. मेमध्ये दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे, त्यात माती आणि कुजलेलं शेणखत. पाऊस स्थिरावला की लागवड. बुंध्याशी मातीचा उंचवटा, म्हणजे जुलैत पाणी साचणार नाही. वाऱ्यासाठी बांबूचा आधार, गुरांसाठी काट्यांचं कुंपण. ऑक्टोबरात आळं करून पाचोळ्याचं आच्छादन. वणव्याच्या दिवसांआधी भोवतीचं गवत काढून पट्टा मोकळा. आणि किमान दोन-तीन उन्हाळे पाणी.

चौथं, एक वही. प्रत्येक रोपाला नंबर; महिन्याच्या पहिल्या रविवारी उंची, पानांची स्थिती, आणि मेलं असेल तर तारीख आणि दिसलेलं कारण.

मामा म्हणाले, "वही मामीकडे देतो, माझं अक्षर तुला लागणार नाही."

तुमच्यासाठी गृहपाठ: आराखड्यातला प्रश्न घ्या आणि तीन ओळी लिहा. 'यश' म्हणजे नेमकं काय मोजणार? कुठली सरासरी तुम्हाला फसवू शकते? आणि प्रयोग फसला, तर का फसला हे कळायला आजपासून काय नोंदवायला हवं? तिसरी ओळ सगळ्यात आधी लिहा. माझ्या एकोणतीस रोपांनी मला तेवढंच शिकवलं.